फातमा, फातिमा, फातुमा

जेद्दाहमध्ये परदेशी पैसे पाठवण्याच्या एका काउंटरवर मी नऊ वर्षे बसलो. आमच्या कोकणातून गेलेली बरीच मुले ड्रायव्हर झाली, सेल्समन झाली. मी काचेमागचा कारकून झालो. तिथे पहिल्या महिन्यातच कळले की या धंद्यात पैशापेक्षा नाव अवघड असते. रक्कम चुकली तर ती तिथल्या तिथे दिसते. नाव अडते ते पार दुसऱ्या देशात पोचल्यावर. पैसे घेणाऱ्याच्या ओळखपत्रावर जे रोमन स्पेलिंग असेल तेच, अक्षरन् अक्षर, फॉर्मवर लागते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पैसे अडकून पडतात.

फिलिपिनो गिऱ्हाइकांचे काम दोन मिनिटांत व्हायचे, कारण त्यांची भाषाच रोमन लिपीत लिहिली जाते. आपल्याकडच्या लोकांचेही पासपोर्टमुळे बहुधा निभायचे. सगळ्यात जास्त खोळंबा व्हायचा तो एरिट्रियाच्या लोकांचा. त्यांची तिग्रिन्या ही भाषा एरिट्रियात आणि शेजारच्या इथिओपियातल्या तिग्राय प्रांतात बोलली जाते. ती अरबीची बहीण, सेमिटिक कुळातली. पण लिहिली जाते गीझ लिपीत, आणि ती लिपी अरबीसारखी उजवीकडून नाही, आपल्यासारखी डावीकडून चालते.

आमच्या इमारतीचे रखवालदार अस्माराचे होते. जबरती, म्हणजे तिग्रिन्या बोलणारे मुसलमान. वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दुपारी जुहरनंतर काउंटर थंड असायचे, तेव्हा पावती पुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मला ही लिपी शिकवली. तिथले लोक तिला फिदेल म्हणतात. मी त्यांना आपली बाराखडी लिहून दाखवली तर ते हसले. म्हणाले, "तुमची बारा, आमची सात." प्रत्येक व्यंजनाची सात रूपे. आपल्याकडे अक्षराला काना-मात्रा बाहेरून लागते. फिदेलमध्ये अक्षरच थोडे बदलते. कुठे पाय लांब होतो, कुठे बाजूला एक छोटे कडे येते. या सात रूपांची नावे ऐकून मला गंमत वाटली: गीझ, काइब, सालिस, राबि, हामिस, सादिस, साबि. मदरशात थोडी अरबी गिनती केलेल्या कुणालाही पहिली दोन सोडून बाकीची ओळखू येतील. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. अफ्रिकेतली लिपी, चाल आपल्या देवनागरीसारखी आणि आकडे अरबीच्या घरचे. मला ती परकी वाटेनाच.

इथेच प्रश्न सुरू होतो. मूळ लिपी इतकी व्यवस्थित आहे, तर ती रोमनमध्ये उतरवताना एवढा घोळ का होतो?

पहिले कारण त्या सहाव्या रूपात, सादिसमध्ये आहे. सादिस अक्षर कधी अगदी आखूड स्वरासह वाचतात, तर कधी पाय मोडल्यासारखे स्वराशिवाय. लिहिताना दोन्ही एकच. कुठे काय वाचायचे ते भाषा येणाऱ्याला कळते. आपल्यालाही हे नवे नाही. आपण 'कमल' लिहितो आणि शेवटचा 'अ' बोलत नाही. 'चार' आणि 'चारा' यांत एकच च लिहितो आणि दोन वेगळे च बोलतो. मराठी माणसाला ते कुणी सांगावे लागत नाही, पण रोमनमध्ये लिहायला बसलात की प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो.

दुसरे कारण द्वित्ताचे. अक्षर दुहेरी उच्चारायचे की एकेरी, हे फिदेल दाखवत नाही. त्याच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या अम्हारिक भाषेत 'अले' म्हणजे 'म्हणाला' आणि 'अल्ले' म्हणजे 'आहे'. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात. रोमन लिहिणाऱ्याने एल एकदा लिहायचा की दोनदा?

तिसरे कारण सगळ्यात मोठे, आणि त्यात दोष फिदेलचा नाही, रोमनच्या तुटपुंजेपणाचा आहे. तिग्रिन्यात साधा त आहे, आणि गळ्यात श्वास अडवून टचकन सोडलेला दुसरा त आहे. तसेच क, च यांचेही. शिवाय घशातून येणारा एक खरखरीत क आहे. अरबीतला मोठा हे आणि ऐन हे दोन्ही आवाज तिग्रिन्याने आजवर जपले आहेत. अम्हारिकमध्ये त्यांची अक्षरे राहिली, आवाज गेले. रोमनमध्ये यांतल्या कशालाच स्वतंत्र घर नाही. मग दोन त एका टीमध्ये राहतात, तीन क एका केमध्ये, दोन ह एका एचमध्ये आणि ऐन रस्त्यावर.

नकाशा उघडून पाहा. तांबड्या समुद्रावरच्या ज्या बंदराला आपण मसावा म्हणतो त्याला तिग्रिन्यात जवळजवळ 'म्त्सिवा' म्हणतात आणि शेवटी ऐन असते. इटालियनांनी ते आपल्या कानाने लिहिले, इंग्रजांनी आपल्या, आणि ऐन दोघांनाही ऐकू आले नाही. एरिट्रियाने १९९७ मध्ये स्वतःचे चलन काढले, त्याचे नाव नाकफा. ते ज्या गावावरून ठेवले त्याच्या नावातला क हा तो घशातला खरखरीत क आहे; नोटेवर रोमनमध्ये मात्र साधा के. तिग्रायची राजधानी मेकेले एका एलने, दोन एलने, मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून, कधी 'मा'ने सुरू करून लिहिलेली मी पाहिली आहे. गाव एकच.

गावाचे एक बरे असते, ते जागचे हलत नाही. माणूस हलतो आणि त्याला आपले नाव घेऊन प्रत्येक खिडकीवर उभे राहावे लागते.

एक तरुण यायचा. आईबाप एरिट्रियाचे, हा जेद्दाहमध्येच वाढलेला. बहीण कंपालात होती, निर्वासित म्हणून. तिचे खरे नाव इथे देत नाही, फातिमा समजा. याने दोनदा पैसे पाठवले आणि दोनदा ते परत आले. इकडे कुटुंबाच्या कागदांवर नाव 'फातिमा' होते, त्याने तेच लिहिले होते. शेवटी बहिणीने कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहून त्याचा फोटो पाठवला, की बाबा हे माझे नाव. तिने ते फिदेलमध्ये लिहिले होते. भाऊ अरबी शाळेत शिकलेला. तिग्रिन्या बोलायचा, पण अक्षर वाचता येत नव्हते. तो फोन घेऊन काचेशी आला आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने त्याला त्याच्या बहिणीचे नाव वाचून दाखवले. फा, मग टचकन सुटणारा सादिसमधला त, मग मा.

तेवढ्याने काम झाले नाही. मधला तो सादिस त स्वरासह वाचायचा की स्वराशिवाय? 'फातमा' होईल, 'फातिमा'ही होईल. आणि कंपालातल्या कारकुनाने तर तिसरेच ऐकले होते. चाचांनी बहिणीला फोन लावला आणि कार्डावरची रोमन अक्षरे एकेक करून वाचायला लावली. एफ, ए, टी, यू, एम, ए. फातुमा. पूर्व अफ्रिकेत हे नाव असेच चालते, त्या कारकुनाच्या ओळखीचे ते असणार. पैसे तिसऱ्या खेपेला गेले. फोन ठेवण्याआधी बहीण चाचांना म्हणाली, "या कार्डावरची बाई कोण ते मला माहीत नाही, पण घरभाडे तिच्याच नावाने भरायचे आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. भावाने लिहिलेले नाव बरोबर होते. बहिणीने लिहिलेले तर बरोबर होतेच. कार्डावरचेही त्या देशापुरते बरोबर धरायला हवे. तिन्ही बरोबर, आणि एकावरून दुसरे काढता येत नाही.

यावर विद्वानांनी काही केले नाही असे नाही. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुस्तकांच्या नोंदींसाठी तिग्रिन्याचा तक्ता केला आहे. अक्षरांखाली टिंबे, वर रेघा. जर्मनीत तयार झालेल्या 'एनसायक्लोपीडिया इथिओपिका' या पाच खंडांच्या कोशाची पद्धत वेगळी. नकाशे करणाऱ्यांची आणखी वेगळी, तिच्यात अपॉस्ट्रॉफी जास्त. संगणकावर फिदेल नव्हती तेव्हा, १९९० च्या दशकात, 'सेरा' नावाची पद्धत निघाली. तिच्यात लहान टी म्हणजे साधा त आणि मोठा टी म्हणजे टचक्याचा त, लहान ई म्हणजे पहिला स्वर आणि मोठा ई म्हणजे पाचवा. ज्यांनी कधी रोमन कळफलकावर मराठी टाइप केले आहे त्यांना ही युक्ती लगेच समजेल. आपणही मोठा एन दाबून ण आणि मोठा एल दाबून ळ काढतोच. सेराचे मोठेपण हे की तिच्यात लिहिलेला मजकूर परत बिनचूक फिदेलमध्ये नेता येतो. १९९९ मध्ये युनिकोडमध्ये फिदेल आली आणि ही गरज हळूहळू कमी झाली.

पण या सगळ्या पद्धती पासपोर्टच्या दारात मरतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत ए ते झेड ही सव्वीस मोठी अक्षरे, आकडे आणि एक भरणाचिन्ह, एवढेच चालते. टिंब नाही, रेघ नाही, अपॉस्ट्रॉफी नाही. सगळीच अक्षरे मोठी असल्यावर लहान टी आणि मोठा टी यांत फरक कसला? ग्रंथालयाला जे नाव शोधता येते ते विमानतळाला लिहिता येत नाही, आणि विमानतळावर लिहिलेले नाव ग्रंथालयाच्या काही कामाचे नसते. मला वाटते, खरा गोंधळ इथे आहे. 'रोमनमध्ये लिहा' ही एक मागणी वाटते, पण तिच्या पोटात दोन वेगळी कामे आहेत. एकात मूळ अक्षरे परत मिळाली पाहिजेत. दुसऱ्यात भाषा न येणाऱ्याला उच्चार जमला पाहिजे. पहिले केले तर परक्याला वाचता येत नाही. दुसरे केले तर घरच्याला ओळखता येत नाही.

आणि हे आजचे दुखणे नाही. चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना याने आपले विजय दगडावर कोरले ते गीझमध्ये आणि ग्रीकमध्येही. गीझमध्ये त्याच्या नावाची सुरुवात ऐनने होते. ग्रीकांकडे ऐन नाही, म्हणून ग्रीक लेखात तो 'ऐझानास' झाला. स्वतःच्या शिलालेखात खुद्द राजालाही ऐन वाचवता आले नाही!

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून प्रेषितांचे काही साथीदार हबशाला गेले, आणि तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना आसरा दिला. आपण त्याला नजाशी म्हणतो. लहानपणी मला ते त्याचे नाव वाटायचे. पण तो राजासाठीचा गीझ शब्द आहे, 'नगाशी'च्या जवळचा. अरबीत ग नसल्यामुळे त्याचा ज झाला. तिग्रायमध्ये वुक्रोजवळ नेगाश हे गाव आजही आहे. त्याच्या नावात मूळचा ग शिल्लक आहे. तिथल्या अल-नजाशी मशिदीचे २०२० च्या अखेरीस तिग्रायच्या युद्धात मोठे नुकसान झाले. तेव्हा बातम्यांत त्या मशिदीचे नाव चार प्रकारे लिहिलेले दिसत होते, कुठे जीने, कुठे जेने.

मग रोमन लिपीच वाईट का? तसे नाही. सोमाली भाषेने १९७२ मध्ये रोमन लिपी स्वीकारली, आणि आपल्या गरजेने स्वीकारली. त्यांना मोठा हे हवा होता, त्यांनी रिकामा पडलेला एक्स घेतला. ऐन हवा होता, त्यांनी सी घेतला. म्हणून सोमाली माणूस अहमद लिहिताना मध्ये एक्स लिहितो आणि अलीची सुरुवात सीने करतो. परका कारकून त्याला 'कॅली' म्हणतो तो भाग वेगळा, पण घरात ऐन सुखरूप आहे. इथिओपियात ओरोमो भाषेनेही १९९१ मध्ये फिदेल सोडून रोमन धरली, आणि तिथे टचक्याचा त एक्सने लिहितात. तोच एक्स सोमालीत ह आणि ओरोमोत त. अक्षराला स्वतःचा धर्म नसतो. त्याने काय बोलायचे ते वापरणारे लोक ठरवतात.

खुद्द एरिट्रियाच्या शाळांत तीन लिप्या चालतात. तिग्रिन्या आणि तिग्रे फिदेलमध्ये, अरबी अरबीत, आणि अफार, साहो, बिलेन, कुनामा वगैरे भाषा रोमनमध्ये. १९५२ च्या राज्यघटनेत तिग्रिन्या आणि अरबी अशा दोन अधिकृत भाषा होत्या. पुढे इथिओपियाने देश गिळला आणि अम्हारिक लादली. तिथल्या पुष्कळ मुसलमानांना अरबी आपली वाटते, तर जबरती चाचांसारख्यांना फिदेल. चाचा म्हणायचे, "माझ्या ऐनला फिदेलमध्ये जागा आहे, मला आणखी काय पाहिजे?" त्यांच्या लिपीत अली, उमर, हसन ही नावे मूळ आवाजांसह लिहिता येतात. देवनागरीत आपल्याला ते जमत नाही. आपण साबिरचा साद, समीनाचा से आणि सलमाचा सीन एकाच 'स'मध्ये बसवतो आणि त्यावर नाराजही होत नाही, कारण ही तडजोड आपली आपण केलेली आहे. तिग्रिन्याच्या रोमन रूपाचे तसे झालेले नाही. ते बहुतेक वेळा एखाद्या छावणीत, एखाद्या खिडकीवर, ती भाषा न येणारा माणूस घाईत ठरवतो, आणि मग ते जन्मभर चिकटते.

त्याची किंमत काय असते ते काउंटरवर बसून पुरते कळत नाही. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ एक बोट बुडाली. साडेतीनशेहून जास्त माणसे गेली, त्यांत बहुतेक एरिट्रियाची. अनेकांच्या कबरीवर नावाऐवजी क्रमांक लागले. अशा वेळी जिवंत वाचलेला कुणी सोबत्याचे नाव सांगतो, ते इटालियन कानाने लिहिले जाते, आणि तिकडे अस्मारात एक आई यादीत आपल्या मुलाचे नाव शोधते, जिला फक्त फिदेल वाचता येते. त्या लोकांत आडनाव नसते. स्वतःचे नाव, बापाचे, आजोबाचे, एवढेच. फॉर्मवर 'लास्ट नेम'च्या चौकोनात आजोबा जातात आणि सख्खे चुलतेही कागदावर परके होतात. त्यात स्पेलिंगची भर पडली की माणूस यादीत असूनही सापडत नाही.

आपल्याकडे हे ऐकून कुणाला दूरचे वाटणार नाही. माझ्या फुफीचे नाव ग्रामपंचायतीत 'फातमा' आहे, शाळेच्या दाखल्यावर 'फातिमा', आणि बँकेत रोमनमध्ये तिसरे काहीतरी. महंमद, मोहम्मद, मुहम्मद तर घराघरात आहेत. त्याचे इंग्रजी आखूड रूप मतदार यादीत परत मराठीत येते तेव्हा चांगला मोहम्मद 'मोहद' झालेला असतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त लोक तिच्याबाहेर राहिले. वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे लिहिलेले नाव ही तिथल्या असंख्य कुटुंबांची डोकेदुखी होती.

मला यावर मोठा उपाय सुचत नाही, दोन छोटे सुचतात. रोमन रूप एकदा ठरले की तेच सगळीकडे चालवावे, आणि ते ठरवताना ज्याचे नाव आहे त्याला विचारावे. कारकून असाल तर "कसे लिहू?" हे दोन शब्द जास्तीचे बोला. आणि मूळ लिपीतले नाव जिथे जागा मिळेल तिथे सोबत लिहून ठेवा. कुराणाच्या जुन्या प्रतीत, पेटीच्या झाकणाआड, वहीच्या शेवटच्या पानावर, घरातल्या प्रत्येकाचे नाव त्याच्या जन्मतारखेसह, उर्दूत आणि मराठीत. कार्यालय ते मागणार नाही. पण उद्या नातवाने विचारले की यांतली खरी दादी कोणती, तर त्याला दाखवायला एक पान असावे. मी आमच्या घरातले ते पान मागच्या रमजानमध्ये लिहून काढले. बावीस नावे झाली, आणि त्यातल्या सात जणांना आपल्या नावात ऐन आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.